टिपणीस सरांचा पास

टिपणीस सरांना दुपारची झोप लागायची ती स्टुटगार्ट ते उल्म. जेवण झालं की हात धुऊन, कानटोपी घालून ते स्टेशनवर जात, एक वाजून गेल्यावर सुटणाऱ्या गाडीच्या पहिल्या वर्गात डाव्या कुशीवर आडवे होत आणि उल्मला उठत. फलाटावर तोंड धूत, समोरची गाडी पकडून चहाच्या वेळेला माझ्या खोलीत हजर. गाइसलिंगेनचा चढ लागला की त्यांचं घोरणं पट्टी बदलतं, असं एका तिकीट तपासनिसानं मला कौतुकानं सांगितलं होतं.

"अहो सर, माझी कॉट आहे की रिकामी," मी म्हणायचो.

"कॉट कुठे जाते का? पास आहे ना!"

हा पास म्हणजे सरांच्या गळ्यातला ताईतच. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मशीन ड्रॉइंग शिकवता शिकवता सर पन्नाशीत वर्षभराच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. परतीच्या वाटेवर युरोप, आणि युरोपात राहणाऱ्याला न मिळणारा हा पास त्यांनी तिकडूनच घेतलेला. एक महिना, डझनभर देश, पहिला वर्ग, हवं तिथे चढा, हवं तिथे उतरा. मी त्यांचा जुना विद्यार्थी, स्टुटगार्टला डॉक्टरेट करत होतो, म्हणून मुक्काम माझ्याकडे. माझी घरमालकीण फ्राऊ हेबर्ले पाहुण्यांच्या बाबतीत भलतीच कडक. पण सर दिवसभर गाडीतच असत, त्यामुळे ते राहायला आलेत हे तिला आठ दिवस कळलंच नाही.

पास चालू असताना एका जागी बसणं सरांना पाप वाटे. वर्तमानपत्र वाचायला हायडेलबर्ग. नखं काढायला कार्ल्सरूह, कारण त्या मार्गावर हादरे कमी. मी म्हटलं, "सर, निदान पॅरिस तरी बघून या." गेले. दुसऱ्या दिवशी परत.

"कसा वाटला आयफेल टॉवर?"

"रिव्हेटिंग बरं आहे. एके ठिकाणी रंग ओघळलाय."

ही सरांची दुसरी खोड. कोटाच्या वरच्या खिशात तांबडी पेन्सिल कायम. कॉलेजात आमच्या शीटवर ते तांबडी रेघ मारत आणि खाली तीन शब्द लिहीत: 'पुन्हा काढून आणा.' कारण विचारलं तर म्हणत, "चूक ती चूक." वर एक शब्द नाही. पुढे ती पेन्सिल शीटपुरती राहिली नाही. हॉटेलचं मेनूकार्ड, लग्नाच्या याद्या, देवळातल्या वर्गणीची पावती, काही सुटत नसे. जर्मनीत आल्यावर त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकातही एक चूक काढली आणि ती बरोबर निघाली. स्टेशनमास्तरनं हस्तांदोलन केलं, तेव्हा सरांची छाती दोन इंच फुगलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

पण याच पेन्सिलीनं त्यांचं घर मोडलं होतं.

त्यांचा मुलगा अरविंद माझा वर्गमित्र. माझ्या आधी जर्मनीत आला, ड्युसेलडॉर्फच्या एका कंपनीत लागला आणि चार वर्षांपूर्वी तिथल्याच उर्सुलाशी लग्न केलं. लग्नाची छापील पत्रिका सरांना पोस्टानं पाठवली. पत्रिकेत नाव होतं नुसतं 'अरविंद टिपणीस'. मधलं 'विश्वनाथ' गायब! इथे मधल्या नावात बापाचं नाव घालायची पद्धत नाही, पण हे पुण्यात कोण सांगणार? सरांनी पेन्सिल काढली. दोन नावांच्या मधे खूण करून 'विश्वनाथ' घातलं, समास वाकडा होता तो सरळ केला, आणि सवयीनं खाली लिहिलं, 'पुन्हा काढून आणा.' तशीच पाकिटात घालून पत्रिका परत! आशीर्वादाचा एक शब्द नाही. त्यानंतर बापलेकांत पत्र नाही. सरांची पत्नी त्याआधीच गेली होती, त्यामुळे मधे पडून दोघांचे कान उपटायलाही कुणी नव्हतं.

सर जर्मनीत आले ते अरविंदसाठी, हे मला पहिल्या दिवशीच समजलं. त्यांनी मात्र तोंडातून नाव काढलं नाही. काढला तो तिळगूळ.

"संक्रांत आली रे मध्या. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देता येतो. पास कधी संपतो? बरोब्बर रथसप्तमीला!"

तीळ मिळाले पथ्याचे पदार्थ विकणाऱ्या दुकानात. गूळ कुठला मिळायला! शेवटी बिटाचा काळा पाक आणला. फ्राऊ हेबर्लेच्या स्वयंपाकघरात आम्ही तो आटवला, आणि तिचं पातेलं तीन दिवस भिजत घालावं लागलं. तिळगूळ झाला तो असा, की तोंडात टाकला की गोड बोलायचं तर सोडाच, दात उघडायला दहा मिनिटं लागत. सरांनी तो अमेरिकेहून आणलेल्या बिस्किटांच्या डब्यात ठासून भरला आणि निघाले.

जर्मनीभर त्यांचे विद्यार्थी विखुरलेले. झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात देशपांडे, तो पाळी संपवून तेलकट हातांनी बाहेर आला तर फाटकाशी कानटोपीतले सर! एर्लांगेनहून लहान गाडीनं हेर्त्सोगेनआउराखला जाऊन तिथल्या शेवड्याला गाठलं. देशपांडेनं मला फोन केला. म्हणाला, "काय रे, सर बर्फातून आले, 'गोड बोल' म्हणाले आणि माझ्या बोटांवर पट्टी मारावी तसा हात पुढे केला. मी साला रडलो." रोज एक गाव, रोज एक विद्यार्थी. सर संध्याकाळी परत यायचे ते लढाई जिंकल्यासारखे.

फक्त ड्युसेलडॉर्फचं नाव नाही. मधूनमधून ते पहाटे निघत, पार दमून परतत आणि म्हणत, "कोलोनपर्यंत जाऊन आलो."

"परत कोलोन? काय करता काय तिथे?"

"कॅथीड्रलचे मनोरे ओळंब्यात आहेत का बघतो."

असं सात वेळा झालं. आठव्या वेळी रथसप्तमी होती आणि रविवार होता. डब्याच्या तळाशी तिळगुळाचा एकच थर उरला होता. मी म्हटलं, आज मी येणार. माझं तिकीट काढून मी दुसऱ्या वर्गात बसलो आणि ते पहिल्या वर्गात, हा विनोद सरांनी वाटेत दोनदा माझ्या डब्यात येऊन सांगितला. कोलोन आलं तेव्हा ते माझ्याच शेजारी बसले होते. सर जागचे हलले नाहीत.

ड्युसेलडॉर्फला उतरलो. सर थेट उपाहारगृहात शिरले, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. वाढणारी बाई हसत आली. "आख, हेर प्रोफेसर! नेहमीसारखा चहा? आणि परतीची गाडी तीच ना?"

मी सरांकडे पाहिलं. सर टेबलक्लॉथ सरळ करत होते.

"सातही वेळा इथेच?"

"हो."

"स्टेशनच्या बाहेर?"

"एकदा गेलो होतो. ट्रामच्या थांब्यापर्यंत." त्यांनी डबा मांडीवर घेतला. "हा पास नडला बघ मध्या. साधं तिकीट असतं तर एकदाच आलो असतो, आणि एवढं भाडं फुकट जाईल या लाजेनं तरी त्याच्या दारात गेलो असतो. पास आहे ना. परत फिरायला काही लागतच नाही." मग जरा थांबून म्हणाले, "पत्रिकेत चूक होती. पण माझी मोठी. पोराच्या लग्नाला मी शेरा मारला रे."

मला भयंकर राग आला. त्यांचाही, अरविंदचाही. आणि गलबलूनही आलं. आज तिळगुळाची मुदत संपणार, पास संपणार, परवा सर मुंबईच्या बोटीवर. मी उभा राहिलो आणि त्यांच्याच आवाजात म्हणालो, "टिपणीस, शीट चुकलीय. पुन्हा काढून आणा."

सरांनी मान वर केली. वीस वर्षांत त्यांना असं कुणी बोललं नसेल. मग चहा तसाच ठेवून ते उठले.

दार अरविंदनंच उघडलं. सरांनी डबा पुढे केला, झाकण काढलं, आणि घोटाळा! उरलेला तिळगूळ वितळून, थिजून डब्याच्या तळाला एकजीव चिकटला होता. सरांनी डब्यातल्या चमच्यानं खरवडलं. चमचा वाकला. अरविंद आत गेला आणि पटाशी घेऊन आला. दोघेही दारातच, पायपुसण्यावर उकिडवे बसले.

"काटकोनात धर," सर म्हणाले.

"धरलीय, बाबा."

"कडेनं ठोक. मधे नको."

"माहितीय, बाबा. तुम्हीच शिकवलंय."

चार वर्षांनंतरचं संभाषण ते एवढंच. तिळाचा एक तुकडा उडून थेट फ्राऊ टिपणीसांच्या पायाशी पडला. उर्सुला मागे येऊन उभी होती. सोन्यासारखी मुलगी! तिनं तो उचलून तोंडात टाकला आणि अरविंदनं शिकवलेलं एकच वाक्य पाठ म्हणून दाखवलं, "बाबा, या, बसा." त्यानंतर दहा मिनिटं तिला बोलता आलं नाही. दारातच आम्ही चौघं पोट धरून हसत सुटलो.

बैठकीत गेलो. सोफ्याच्या वर, काचेच्या चौकटीत, ती पत्रिका टांगलेली! तांबड्या रेघांसकट. दात सुटल्यावर उर्सुला जर्मनमध्ये भरभर बोलू लागली आणि मी भाषांतर करत गेलो. "ती म्हणते, तुमच्याकडे शुभ गोष्टी कुंकवानं, तांबड्या रंगात लिहितात असं अरविंदनं सांगितलं. तुम्ही स्वतःच्या हातानं आशीर्वाद लिहून पाठवलात. तिच्या माहेरी कुणाच्या सासऱ्यानं असं केलेलं नाही."

अरविंद खिडकीबाहेर बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"ती म्हणते, अरविंद वाचून दाखवतो, पण तिला ते तुमच्या आवाजात ऐकायचंय. खालची ओळ."

सरांनी चष्मा पुसला. चौकटीजवळ गेले. हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला तेव्हा मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. त्या माणसानं उभ्या आयुष्यात चुकीचं काही पुढे जाऊ दिलं नव्हतं.

"पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव," सर तिला बोटानं दाखवत म्हणाले. आणि मग 'पुन्हा काढून आणा'वर बोट ठेवून, स्वच्छ, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी वाचलं, "दोघं सुखी राहा."

"गेनाऊ!" उर्सुला टाळी वाजवून म्हणाली, म्हणजे 'अगदी बरोबर!' अरविंदनं सांगितलेलं तंतोतंत तेच होतं. अरविंद वळला आणि त्यानं वाकून सरांच्या पायाला हात लावला. सरांनी त्याला उठवलं, पण खांद्यावरचा हात बराच वेळ काढला नाही.

दुपारची जेवणं झाली. मी घड्याळ पाहिलं. "सर, निघायला हवं. पास आज रात्री बारापर्यंतच चालतो."

"तू हो पुढे," सर म्हणाले. कानटोपी काढून त्यांनी उशाशी ठेवली, पास तिच्यात टाकला, आणि त्या सोफ्यावर, पत्रिकेच्या खाली, डाव्या कुशीवर आडवे झाले. मी बूट घालेपर्यंत घोरणं सुरू झालं होतं. चालत्या गाडीशिवाय त्यांना दुपारची झोप लागलेली मी त्या महिन्यात पहिल्यांदाच पाहिली.