टेकडीची रंगीत तालीम

लहान मुलांना होणाऱ्या दुखापतींचं मूळ कारण बारकाईने शोधत गेलं, तर शोध शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतो : मुलं हालचाल करतात. हे कारण समूळ दूर करणं आजवर कोणत्याही संस्थेला जमलेलं नाही. बाल मैदानी मंडळाला मात्र ते जवळजवळ जमलं होतं, आणि त्यात एका आईचा मोठा वाटा होता.

मंडळाची स्थापना मुलांना झाडं, ओढे, टेकड्या यांची गोडी लागावी म्हणून झाली. (संस्थापकांना तेव्हा फारसा अनुभव नव्हता.) दर रविवारी सकाळी मुलं पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात जमत आणि तिथून बाहेर जात. हे ‘तिथून बाहेर जाणं’ किती जोखमीचं आहे, ते या आईने प्रथम लक्षात आणून दिलं. तिची सात वर्षांची मुलगी नुकतीच मंडळात दाखल झाली होती. पालकसभेत बाकीचे चहा संपवून चपला शोधायला लागले, तेव्हा ही उभी राहिली आणि म्हणाली, “समजा, मुलं टेकडीवर गेली. आणि समजा, एखाद्याचा पाय घसरला?”

चपला शोधणारे थांबले. इतक्या वर्षांत हा विचार कुणी केलाच नव्हता.

त्या दिवसापासून तिचं नाव समजाताई पडलं आणि पुढच्याच सभेत तिला सुरक्षा समितीवर घेण्यात आलं. प्रश्न विचारणाऱ्याला समितीवर घेतलं की निदान प्रश्न आधी कळतात, असा सचिवांचा अनुभव होता.

समजाताईला हसणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं : ती चांगली शिकलेली, विचारी बाई होती. औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद शेवटपर्यंत वाचणाऱ्या थोड्या माणसांपैकी ती एक होती. मुलगी दोन वर्षांची असताना एकदा पलंगावरून खाली पडली. पडल्यापासून रडेपर्यंत मध्ये एक क्षण गेला, ज्यात कसलाच आवाज नव्हता. मुलगी नंतर रडली, बिस्कीट खाऊन विसरूनही गेली. पण तो एक क्षण समजाताईच्या लेखी अजून संपलेला नव्हता.

समितीने पहिल्याच बैठकीत एक अत्यंत शहाणपणाचा नियम केला. कोणताही उपक्रम बाहेर करण्यापूर्वी त्याची सभागृहात, प्रथमोपचारासह, रंगीत तालीम व्हावी. तालीम समाधानकारक झाली की बाहेर जावं. तालीम समाधानकारक झाली की नाही, हे समिती ठरवेल. या नियमात कुठेही बाहेर जाण्यावर बंदी नाही, हे मुद्दाम नमूद करावंसं वाटतं.

त्याप्रमाणे जिना हा चढ झाला. निळी चादर फरशीवर पसरली की ओढा होई. कोपऱ्यातला छत्र्यांचा स्टँड म्हणजे जंगल. कपड्यांचा चिमटा म्हणजे विंचू. (तो चावत असल्यामुळे नंतर त्याच्या जागी खोडरबर ठेवण्यात आलं.) शिकवायला कारखान्यांतून सुरक्षिततेचे वर्ग घेऊन निवृत्त झालेले एक गृहस्थ मिळाले. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असे, म्हणून ते शिट्टीसर. त्यांचा आवडता धडा असा : “जखमी माणूस काय वाट्टेल ते बोलतो. आपण विचलित व्हायचं नाही. आपण आपली पद्धत सोडायची नाही.”

प्रथमोपचार पेटीही अद्ययावत झाली. मुलांचा हात पोचू नये म्हणून ती उंचावर टांगली. मोठ्यांचा पोचतो म्हणून कुलूप लावलं. किल्ली सचिवांच्या घरी. पेटीतली कात्री धारदार असल्यामुळे काढली, औषध झोंबतं म्हणून काढलं, आणि पट्ट्या मुलं उगाच लावून घेतात म्हणून त्याही. उरला तो कापूस आणि कात्री कशी वापरावी याचं माहितीपत्रक.

आकडे स्वतःच बोलतात. नियमापूर्वीच्या वर्षात खरचटणं सव्वीस, काटा रुतणं चौदा, मुंगी चावणं अगणित, मजा (मोजमाप उपलब्ध नाही). नियमानंतरच्या वर्षात सर्व रकाने शून्य. शेवटचाही.

दर तालमीला एक जखमी लागे, आणि या कामात समजाताईच्या मुलीने नाव काढलं. तिच्यासारखं बेशुद्ध कुणी पडत नसे. बाकीची मुलं डोळे किलकिले करून बघत, ही आपली ओंडक्यासारखी पडून. इतर आया जिन्यात थांबून कौतुक करत. “तुमची पडते छान हो. आमचा मेला मध्येच हसतो.”

“घरी काही खास सराव नाही घेत,” समजाताई संकोचून म्हणायची.

सभागृहाच्या खिडकीतून, बस डेपोच्या पलीकडे, ती टेकडी दिसायची. अगदी बेताची, बोडकी, वर दोन झाडं. एका रविवारी मुलगी खिडकीला नाक लावून उभी राहिली.

“आई, तिथे कधी जायचं?”

“तालीम नीट झाली की.”

“नीट झाली हे कोण सांगणार?”

“समिती.”

“समितीत कोण आहे?”

समजाताईने रुमाल काढून मुलीचं नाक पुसलं. ते वाहत नव्हतं.

समितीत तीन जण होते. सचिवांना एकदाची सहल न्यायची होती, कारण मंडळाच्या नावात ‘मैदानी’ शब्द होता आणि त्यावरून लोक चौकशी करायला लागले होते. दुसरे एका मुलाचे वडील, दातांचे डॉक्टर. ते कायम विरोधात, कारण त्यांनी पडलेले दात पाहिले होते. म्हणजे सगळं समजाताईच्या मतावर येऊन ठेपलं. सुट्टी संपायला आता एकच रविवार उरला होता, म्हणून अंतिम तालीम दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, ठेवली होती. अंतिम तालीम झाली आणि तिने हात वर केला, तर टेकडी. नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा जिना.

घरी निघताना मुलगी एवढंच म्हणाली, “मी उद्या इतकी मस्त बेशुद्ध पडेन ना, की तुला हात वर करावाच लागेल.”

अंतिम तालमीला पालक खुर्च्या मांडून बसले. समितीच्या हातात गुण देण्यासाठी पाट्या. मुलगी ठरल्याप्रमाणे छत्र्यांच्या जंगलात बेशुद्ध पडली. शिट्टीसर ओढा कसा ओलांडावा हे दाखवायला निघाले. “पाय सावकाश, नजर समोर, तोल...” एवढं म्हणून त्यांनी निळ्या चादरीवर पाऊल ठेवलं. चादर गुळगुळीत फरशीवरून सटकली आणि सर ओढ्यात आडवे झाले.

ते काही क्षण काहीच बोलले नाहीत. मग विव्हळले.

टाळ्या पडल्या.

“काय जिवंत केलंय,” एक आजोबा म्हणाले. “आमच्या वेळी असे शिक्षक नव्हते.”

“अरे, खरंच लागलंय रे,” सर म्हणाले.

मुलं विचलित झाली नाहीत. एकाने शिट्टी वाजवली. दुसऱ्याने विचारलं, “आपलं नाव काय? वय किती?” तिसरी आणि चौथा, पथकप्रमुख कोण यावरून भांडत होते. दातांच्या डॉक्टरांनी पाटीवर सात गुण दिले. “विव्हळणं जरा भडक वाटतंय,” ते शेजारी कुजबुजले.

“घोटा गेला माझा! कुणीतरी ऐका!”

“जखमी माणूस काय वाट्टेल ते बोलतो, सर,” एक मुलगा त्यांना समजावत म्हणाला. सरांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेला सचिवांनी आणखी एक गुण दिला.

तेवढ्यात छत्र्यांमधली बेशुद्ध मुलगी उठून बसली. (पद्धतीनुसार तिला शुद्धीवर यायला अजून बराच अवकाश होता.)

“त्यांना खरं लागलंय,” ती म्हणाली.

“तू पड गं,” डॉक्टर म्हणाले.

“पण ते आधी गप्प झाले होते. मी बेशुद्ध पडायच्या आधी लगेच ओरडते, कारण मला काही झालेलं नसतं. खरं लागलं की माणूस आधी गप्प होतो.”

समजाताईच्या हातातली पाटी खाली आली. हे वाक्य तिला सहा वर्षांपासून पाठ होतं. फक्त कुणी म्हणून दाखवलं नव्हतं.

मुलीने सरांच्या बुटाची नाडी सैल केली. पेटीला कुलूप, म्हणून आपली गार पाण्याची बाटली नॅपकिनमध्ये गुंडाळून घोट्याला लावली. पायाखाली काहीतरी उंच हवं होतं, तेव्हा तिने मंडळाच्या सुरक्षा पुस्तिकांचा गठ्ठा सरकवला. (प्रकाशनापासूनचा हा पुस्तिकांचा पहिलाच उपयोग.) मग ती त्यांचा हात धरून नुसती बसली. हे कोणत्याच धड्यात नव्हतं. सर रडायला लागले.

समितीची तातडीची बैठक त्याच सभागृहात, चादरीपासून सुरक्षित अंतरावर झाली. प्रकरण सरळ होतं. चालू वर्षात टेकडीवर अपघात शून्य, सभागृहात एक. सबब, सभागृह टेकडीपेक्षा धोकादायक सिद्ध झालं. सबब, सभागृह बंद करावं. यापुढे प्रशिक्षण घरोघरी, सोफ्यावर बसून, मोबाईलवर द्यावं. तसंच, बेशुद्ध असताना उपचार केल्याबद्दल सदर मुलीला समज द्यावी.

“आणि टेकडीचं?” सचिवांनी विचारलं.

“तालीम पूर्ण झालीय कुठे?” डॉक्टर म्हणाले. “आणि सरांचा घोटा बरा झाल्याशिवाय नेणार कोण?”

दोघांनी समजाताईकडे पाहिलं. ती काय म्हणणार हे ठाऊकच होतं. सचिवांनी तर ‘समजा’ एवढं लिहूनही ठेवलं.

“समजा,” समजाताई म्हणाली, “काहीच झालं नाही तर?”

या परिस्थितीत काय करावं, याची मंडळाकडे कोणतीही पद्धत नव्हती. सचिवांनी घाबरून डॉक्टरांची बाजू घेतली. समजाताईने हात वर केला, पण टेकडीचा ठराव दोन विरुद्ध एक मतांनी बारगळला.

सुट्टीच्या शेवटच्या रविवारी मायलेकी दोघीच टेकडीवर गेल्या. समजाताईच्या पिशवीत मलम, कापूस, तीन प्रकारच्या पट्ट्या, साखर, मीठ, शिट्टी आणि जवळच्या दवाखान्याचा रस्ता काढलेला कागद होता. अर्ध्या चढापर्यंत तिने मुलीचा हात सोडला नाही. दोघींचे तळवे घामाने निसटायला लागले, तेव्हा तो आपोआप सुटला.

मुलगी धावली. दोन झाडांच्या अलीकडे पाय अडकून सपशेल पडली.

आवाज आला नाही.

समजाताई जागच्या जागी उभी राहिली. पिशवीत काय काय आहे, ते सगळं ती विसरली.

मग मुलगी ओरडली. उठून बसली, गुडघा पाहिला, आणि रडता रडता तिचा चेहरा उजळला. “आई, बघ! खरं लागलं!”

सहा वर्षांपूर्वी पलंगाखाली अडकलेला तो क्षण तेव्हा कुठे संपला. समजाताई मटकन गवतावर बसली. पट्टी मुलीनेच लावली. एक गुडघ्याला, आणि आई अजून उठत नव्हती म्हणून एक तिच्या मनगटाला.

मंडळाच्या वार्षिक अहवालात टेकडीवरचे अपघात यंदाही शून्यच आहेत. समजाताईने हा प्रकार कळवलेला नाही. अपघात ठाऊक असून न कळवणारी व्यक्ती मंडळाच्या नियमानुसार तितकीच दोषी धरली जाते, आणि आता तो आपल्यालाही ठाऊक झालेला आहे. तरी घाबरण्याचं कारण नाही. आपण हे बसून वाचत आहात, म्हणजे पडण्याचा संभव कमी. आपलं मूलही पलीकडच्या खोलीत, पडद्यासमोर, आपापलं बसलेलं असणार. त्याचा कितीतरी वेळ काही आवाज आलेला नाही. सुरक्षितच असेल.