बोलक्या डोळ्यांचे ससे

"शिलाई चांगली आहे मावशी, कापूसही नीट भरलाय. पण डोळे बोलत नाहीत," साहेब म्हणाले आणि त्यांनी ससा टेबलावरून अलगद पलीकडे सरकवला.

हे वाक्य साहेबांनी स्वतः शोधून काढलं होतं आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. सायकलच्या दुकानावरची एक खोली, एक टेबल, दोन-तीन खुर्च्या आणि काचेच्या पेटीत नमुन्याचा एक कापडी ससा, एवढ्यावर त्यांची 'घरबसल्या कमवा' योजना उभी होती. बाईने अनामत रक्कम भरायची, कापड, कापूस आणि डोळ्यांची बटणं घरी न्यायची आणि ससे शिवून आणायचे. पास झालेल्या सशाला घसघशीत पैसे, नापास झाला तर अनामत गेली. आजवर एकही ससा पास झाला नव्हता. होणारही नव्हता, कारण सगळा नफा तिथेच तर होता.

कल्पना मूळची त्यांची नव्हे. पूर्वी त्यांच्या बायकोने असेच पैसे भरून घरी मेणबत्त्या केल्या होत्या आणि "वात मधोमध नाही" म्हणून सगळ्या परत आल्या होत्या. साहेब तेव्हा दारोदार पायपुसणी विकायचे आणि दिवसभर दारं तोंडावर आपटून घ्यायचे. ते तणतणत त्या मेणबत्तीवाल्याला जाब विचारायला गेले आणि तिथला देखावा बघून चाटच पडले. बाहेर नापास बायकांची ही गर्दी, पण रागावलेली एकही नाही! जिला तिला वाटत होतं, आपलाच हात वाईट. साहेब भांडण विसरले आणि "काय डोकं आहे!" म्हणत घरी परतले. त्या डोक्यात त्यांना एकच खोट दिसली. वात मधोमध आहे की नाही हे कुणीही पट्टी लावून सांगू शकतं. डोळे बोलतात की नाही, हे कोण मोजणार?

मावशी मात्र उठल्या नाहीत. त्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या परिचारिका होत्या. त्यांनी भरलेली अनामत म्हणजे नव्या कवळीसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते आणि हे त्यांनी पहिल्याच दिवशी, हसताना तोंडावर हात धरून, साहेबांना सांगून टाकलं होतं. तेव्हापासून साहेब त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते.

"बोलत नाहीत म्हणजे, काय बोलायला हवं होतं?" मावशींनी विचारलं.

हा प्रश्न साहेबांना आजवर कुणी विचारला नव्हता. "म्हणजे... बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, की हा काहीतरी म्हणतोय."

"असं होय!" मावशींनी पेटी उघडून नमुन्याचा ससा उचलला, उजेडात धरला, कानापाशीही नेला. "हा काय म्हणतोय हो? मला तर गप्पच वाटतो."

तो गप्प असणारच. साहेबांनी तो बाजारातून घासाघीस करून आणला होता. "हा जुना नमुना आहे," ते घाईघाईने म्हणाले.

"मग उद्या नवा दाखवा. एकदा बघितलं की जमेल मला. माझंच कुठंतरी चुकतंय."

नमुना नसलेली योजना म्हणजे चाक नसलेली सायकल. त्यामुळे साहेबांना संध्याकाळी सुईदोरा घेऊन बसावं लागलं. त्यांनी बोटं टोचून घेतली, एक कान उलटा शिवला. बायको बघत होती. खेळण्यांच्या कंपनीत मॅनेजर झालो असं सांगणारा नवरा नक्की काय करतो, हे तिला प्रथमच दिसत होतं. शेवटी कंटाळून साहेबांनी डोळ्यांची बटणं जरा खाली, जरा जवळ ओढली आणि दचकले. ससा चक्क त्यांच्याकडे बघत होता.

"अहो, हा तर 'माझं जेवण कुठाय' म्हणतोय!" दुसऱ्या दिवशी मावशींनी टाळ्या पिटल्या आणि जिना उतरून पसार झाल्या. परत आल्या त्या नापास झालेल्या डझनभर बायकांना घेऊन. "साहेब सगळं शिकवणार आहेत. आपलं सगळ्यांचं डोळ्यातच अडलंय."

साहेबांनी कधी असलं काही कबूल केलं नव्हतं. पण नाही म्हणायला कारण काय सांगणार? मग रोज दुपारी वर्ग भरू लागला. बटण कुठे बसवलं की ससा घाबरतो, कुठे बसवलं की लबाड दिसतो, हे साहेब शिकवत होते आणि शिकवता शिकवता स्वतःही शिकत होते. ज्या माणसाला आयुष्यभर कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं, त्याच्यासाठी बायका आता खुर्ची पुसून ठेवत होत्या. साहेबांना हे आवडू लागलं होतं, हे कबूल करायला हवं. तरी त्यांचा बेत पक्का होता. शनिवारी संध्याकाळी टेबलाच्या खणातले सगळे पैसे पिशवीत टाकायचे आणि खोलीला कुलूप घालून कायमचं गायब व्हायचं.

शुक्रवारी मावशींनी एक ससा पुढे ठेवला. त्याची मान किंचित कलती होती आणि बटणं अशी बसली होती, की जणू त्याने काहीतरी फोडलंय आणि कुणी विचारायच्या आत सांगून टाकावं की नाही याचा तो विचार करतोय.

"वा!" साहेब म्हणाले.

खोलीतल्या सगळ्या माना वर झाल्या. मग कुणीतरी ओरडलं, "साहेब वा म्हणाले! पास झाला!" बायकांनी मावशींना उचलायचंच काय ते बाकी ठेवलं. साहेबांनी जीभ चावली, पण निघालेला शब्द परत कसा घेणार? त्यांनी खण उघडून मावशींच्या हातावर सशाचे पैसे ठेवले.

शनिवारी सकाळी रांग जिन्यावरून खाली सायकलच्या दुकानापर्यंत पोचली होती. एकीला पैसे मिळाल्याची बातमी गावभर झाली होती. जुन्या बायका ससे घेऊन आल्या होत्या आणि नव्या बायका अनामत घेऊन. साहेबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एकीला खरोखर पैसे द्यायचे, की बाकीच्या आपणहून धावत येतात! मेणबत्तीवाल्याला तरी हे सुचलं होतं का? संध्याकाळपर्यंत खण दुप्पट भरणार होता.

"साहेबांचा घसा बसलाय शिकवून शिकवून," मावशी शेजारची खुर्ची ओढत म्हणाल्या. "आज ससे मी तपासते. आणि हो, नवीन कुणाचे पैसे आत्ता घ्यायचे नाहीत. आधी जुन्यांचं चुकतं करू. बरोबर ना साहेब?"

भरल्या खोलीसमोर याला चूक कोण म्हणणार? नव्या बायका माना डोलवत परत गेल्या. असू दे, साहेबांनी मनाशी म्हटलं. निदान नापास करायचं पाप तरी आपल्या माथी नको.

मावशींनी पहिला ससा उचलला. "हा म्हणतोय, मला उचलून घ्या. पास."

दुसरा उचलला. "हा म्हणतोय, आज शाळेत जायचं नाही. पास."

तिसऱ्याचे डोळे दोन दिशांना होते. साहेबांनी संधी साधली. "मावशी, हा मात्र गप्प आहे."

"गप्प नाही हो, रुसलाय! बघा तरी नीट. घरात कुणी रुसलं की तुम्हाला कळत नाही का?"

बायका हसल्या. साहेबांनी नीट बघितलं, आणि खरोखरच तो रुसलेला होता. त्यांनी मुकाट्याने पैसे मोजले. मग घाबरलेले, झोपाळू, चहाडखोर असे ससे येत गेले आणि मावशींना प्रत्येकाचं बोलणं ऐकू आलं. बायकांच्या ज्या भोळेपणावर साहेबांचं दुकान चालत होतं, त्याच भोळेपणाने दुपारपर्यंत ते धुऊन नेलं. मावशींच्या मनात कसला डाव नव्हता, संशयही नव्हता. योजना खरी आहे असं त्या धरून चालल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे तिला खरं झाल्यावाचून गत्यंतर उरलं नाही. असा विश्वास टाकायला छाती लागते. साहेबांकडे ती नव्हती आणि हे त्यांना रिकाम्या खणाकडे बघताना कळलं.

"येते साहेब. दातांच्या डॉक्टरांकडे वेळ घेतलीय," मावशी म्हणाल्या आणि पहिल्यांदाच तोंडावर हात न धरता हसल्या. साहेबांनीही पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

उरले ते खोलीभर ससे. साहेबांनी ते पोत्यांत भरले आणि बाजारातल्या खेळण्यांच्या सगळ्यात मोठ्या दुकानात नेऊन उतरवले. संध्याकाळी घरी आले ते जमिनीपासून वीतभर वर चालत.

"सगळे घेतले!" त्यांनी बायकोला सांगितलं. "दुकानदार म्हणाला, इतक्या वर्षांत असा माल बघितला नाही. मला खुर्ची दिली, चहा पाजला. ही कला आहे, म्हणाला. पुढच्या महिन्यात दुप्पट आणा!"

"बाई गं! पैसे किती दिले?"

"महिनाअखेरीला देणार."

बायकोचा चेहरा हळूहळू बदलला. "पावती तरी घेतलीत ना?"

"पावती?" साहेबांना तिची कीव आली. "अगं, एवढं कौतुक करणाऱ्या माणसाकडे पावती मागायची? काय वाटलं असतं त्याला!"