सोजरबाईचे कोंबडे

सोजरबाईने घरात कोंबडे टांगले आणि जयसिंगची झोप गेली. कोंबडे म्हणजे फुलं. गर्द लाल, मखमली तुऱ्यांची. मोशीच्या माहेराहून आणलेलं बी तिने पिंपरीच्या कॉलनीत मागच्या अंगणात पेरलं होतं. दिवाळी झाल्यावर फुलं कापली, जुड्या बांधल्या आणि सुकायला खोलीभर दोऱ्यांवर उलट्या टांगल्या. वर्षभर दाराला तोरण हवं, तेही विकतचं नको, हा तिचा हट्ट.

बसस्टॉपवर जयसिंगला जांभया आवरेनात. कॉलनीचे सेक्रेटरी नानासाहेब शेजारीच उभे होते.

"काय हो, झोप झाली नाही?"

"कशी होणार? बायकोनं घरात कोंबडे उलटे टांगलेत. ऐन अंथरुणावर लोंबतात."

तेवढ्यात बस आली आणि जयसिंग कंपनीत गेला. कॉलनीत कोंबड्या पाळायला बंदी होती. नानासाहेब वॉचमनला घेऊन तडक सोजरबाईच्या दारात उभे राहिले. शेजारणी जमल्या.

"कोंबडे कुठे आहेत?"

"आत. टांगलेत."

"किती?"

"कोण मोजतंय? चाळीसेक असतील."

"जिवंत?"

"सोमवारीच कापले की!"

शेजारच्या प्रभावतीबाईंनी पदर नाकाला लावला. नानासाहेबांचा आवाज चढला. "कोंबडे पाळायचे नाहीत, हा नियम ठाऊक नाही?"

"मी कुठं पाळलेत? मी पेरलेत!"

नानासाहेब तिला ओलांडून आत घुसले. लाल तुरे त्यांच्या टकलावर टेकले. बाहेर आधी प्रभावतीबाई हसल्या, मग सगळी कॉलनी.

आता माघार घेणं नानासाहेबांना शक्य नव्हतं. "भिंतीत खिळे ठोकायलाही बंदी आहे," ते म्हणाले. "उद्या सगळं उतरवा. ही जुडी पुरावा म्हणून नेतो."

"न्या की! उद्या तिथं दुसरी टांगते."

आणि तिने टांगलीही. नानासाहेब मात्र जुडी उलटी धरून, रागाने हलवत, पार आपल्या घरापर्यंत चालत गेले.

आषाढात सोजरबाईच्या उंबऱ्यापासून नानासाहेबांच्या पायरीपर्यंत कोवळ्या रोपांची सरळ रांग उगवली. नानासाहेब माळ्याला घेऊन तरातरा आले.

"बाई, हा काय प्रकार? भर रस्त्यात लागवड? उपटून टाका सगळं!"

सोजरबाईने पदर खोचला.

"मी न्हाई उपटायची. तुमी पेरलंय, तुमीच उपटा."