संगणक बसवण्याविषयी काही निरीक्षणे

टाइम ऑफिस म्हणजे आमच्या कारखान्याची हजेरी आणि पाळ्यांची खोली. उल्हासनगरहून आलेले दोन हमाल संगणकाचे खोके हातांवर तोलून उभे होते. विक्रेता उभा होता, व्यवस्थापक उभे होते, आम्ही सात लिपिक उभे होतो. बसले होते ते फक्त आण्णा. कोणतीही वस्तू बसवायची असेल तर आधी कुणाला तरी उठावे लागते, हे सृष्टीचे सनातन तत्त्व आहे. मात्र 'उठा' हा शब्द उच्चारण्याचा अधिकार नेमका कोणाकडे, याविषयी कारखान्याच्या स्थायी आदेशांत काही म्हटलेले नाही. खिडकीच्या गजांतून आलेले ऊन आण्णांच्या रजिस्टरवर ओळी आखत होते, जणू पुढची पाने आता तेच लिहिणार होते.

"साईं, टेबल खाली करो ना," शेवटी सिंधी विक्रेता म्हणाला. "हमाल का हाथ दुखता है."

आण्णा उठले. रुमालाने टेबल पुसले आणि बाजूला झाले. अशा रीतीने १९८९ च्या ऑगस्टात, अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्याने एकविसाव्या शतकात प्रवेश केला (हमालांना चहा देण्यात आला).

आण्णा सत्तावीस वर्षे चारशे बारा कामगारांच्या पाळ्या लावत होते. निवृत्तीला दोन वर्षे चार महिने उरले होते, आणि तेवढा काळ याच खोलीत, याच कामावर काढावा एवढीच त्यांची इच्छा होती. व्यवस्थापनाने ती सहानुभूतीपूर्वक ऐकून "बघू" असा निर्णय दिला. ('बघू' या शब्दाइतकी पारदर्शक काच प्रशासनाला अद्याप सापडलेली नाही, तिच्यातून आरपार पाहिले तरी पलीकडे काही नसते.)

संगणकाशी बोलण्याची जबाबदारी भगवानवर होती. भगवान हा आमच्याकडचा पहिला सॉफ्टवेअरवाला. तसे पद मंजूर नसल्याने हजेरीपटावर तो 'टंकलेखक (विद्युत)' होता. शिवाय तो वक्ता होता आणि वादकही होता. संगणकावर भाषण करणारा कल्याणच्या पुढे तो एकटाच असल्याने कर्जतपर्यंतच्या सर्व परिषदा त्याच्याच वाट्याला येत (१९८८ मध्ये अकरा, सरासरी उपस्थिती साठ, पैकी जागे एकोणीस). एप्रिल उजाडला की जयंतीच्या गाण्यांच्या कार्यक्रमांत तो कीबोर्ड वाजवी. त्याच्या बोटांना सुरांची ओळख करून दिली ती आण्णांनीच: शिरगावातल्या त्यांच्या घरी, ओटीवरच्या जुन्या पेटीवर, सहा वर्षे, दर रविवारी. पुढे भगवानने कीबोर्ड घेतला. त्यात ढोलकी आतच असते. तेव्हापासून ढोलकीवाला रघु कार्यक्रमाला समोर प्रेक्षकांत असतो आणि टाळ्या वाजवतो (ताल अजूनही चुकत नाही).

या सर्व घडामोडींत मराठी भाषेने मोलाचे सहकार्य केले आहे. गाण्याला चाल बसवतात, मंडपात गणपती बसवतात, कारखान्यात यंत्र बसवतात आणि माणसाला घरी बसवतात. क्रियापद एकच असल्यामुळे कोणत्याही परिपत्रकाचा सूर बिघडत नाही.

पाळ्यांचा प्रोग्राम लिहिण्यापूर्वी भगवानने आण्णांसमोर वही उघडली.

"आण्णा, नियम सांगा."

"नियम कसला रे? रखमाला पहिली पाळी नको. सासूला दिसत नाही तिच्या, सकाळचं सगळं हिलाच करावं लागतं."

"हे नियमात बसत नाही."

"मग रखमाला सांग, सासू बदल."

"बरं, अजून?"

"जनू आणि जैतूला एका मशीनवर लावू नको. भाऊ आहेत."

"भाऊ आहेत तर बरंच की!"

"सख्खे आहेत, भगवान. बांधावरून अकरा वर्षं बोलत नाहीत."

अशी सहाशे बारा अपवादांची यादी तयार झाली. हा तक्ता आजवर केवळ एका माणसाच्या डोक्यात होता, या धोक्याकडे व्यवस्थापनाने गांभीर्याने पाहिले आणि यादीवर शेरा मारला: 'अपवाद वगळून नियम करावा.' वगळल्यावर नियम एकच उरला, तो म्हणजे नावांची वर्णमाला.

परिणाम तत्काळ दिसू लागले. रखमा पहिल्या पाळीला येऊ लागली; सासूही येऊ लागली आणि दिवसभर फाटकापाशी स्टुलावर राहू लागली (सुरक्षारक्षकास सोबत झाली). वर्णमालेने जनू आणि जैतू यांना एका मशीनवर आणले आणि अकरा वर्षांचे मौन चाळीस मिनिटांत संपले (संभाषणाचा तपशील वैद्यकीय अहवालात पाहावा). पत्रे कापण्याच्या खात्यातली चौदा जोडपी परस्परविरुद्ध पाळ्यांत गेली, त्यामुळे कुटुंब नियोजनाच्या राष्ट्रीय कार्याला हातभार लागला. गैरहजेरी दुप्पट झाली हे खरे. परंतु पूर्वी गैरहजेरीचा अहवाल तीन दिवसांनी मिळे, तो आता तीन मिनिटांत मिळू लागला. प्रगती म्हणतात ती हीच.

आण्णा कोपऱ्यातल्या लाकडी बाकावर असत. संगणकातून निघालेले तक्ते भोकाभोकांच्या कडेवर नीट फाडून वेगळे करणे, हे त्यांचे नवे काम होते. कागद फाटतानाचा तो लांब आवाज ऐकून ते कधी कधी मान किंचित तिरपी करीत, दूरवर कुणी पेटीचा भाता नुसताच ओढावा, स्वर न लावता, तसे काहीसे.

एवढे यश झाकून ठेवणे सार्वजनिक हिताचे नव्हते. उल्हासनगरच्या सभागृहात औद्योगिक संगणक परिषद भरली आणि भगवानचा निबंध निवडला गेला: 'मानवविरहित पाळीनियोजन: एक यशस्वी प्रयोग'. व्यवस्थापक म्हणाले, "आण्णा, तुम्हीही या. तुमच्याबद्दलचा निर्णय तिथंच जाहीर करू." आण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले. आम्ही सातही जण गेलो (रजा भरपगारी होती).

आदल्या दिवशी बदलापूरला भगवानचा कार्यक्रम झाला होता. कोरसमध्ये माणसे उरली नसल्याने कोरसही त्यानेच गायला होता. परिणामी त्याचा आवाज बसला (क्रियापद तेच, भाषा काटकसरी आहे). व्यासपीठामागे त्याने आण्णांपुढे कागद धरला.

"आण्णा, तुम्ही वाचा," तो कुजबुजला.

"माझं श्राद्ध मीच घालू?"

"साहेबांनी सांगितलंय. मागच्या रांगेपर्यंत पोचेल असा आवाज दुसऱ्या कुणाचा नाही."

आण्णांनी चष्मा लावला. "सूर कुठला?"

"सूर नको. सपाट वाचा. भावबिव काही नको."

"मग मशीनलाच वाचायला लाव की, गाढवा," आण्णा म्हणाले आणि व्यासपीठावर गेले.

त्यांनी उत्तम वाचले. 'सदर प्रयोगामुळे एक लिपिक अनावश्यक ठरला' हे वाक्य त्यांनी अशा विलंबित लयीत घेतले की मागच्या रांगेतले डुलकी घेणारेही जागे झाले. मग टाळ्या पडल्या. संपूर्ण परिषदेतल्या सर्वांत मोठ्या टाळ्या याच वाक्याला पडल्या. आम्ही सातही जणांनी वाजवल्या. शेवटच्या पानावर, टंकलिखित मजकुराखाली, व्यवस्थापकांनी स्वहस्ते एक ओळ जोडली होती. ती भगवाननेही पाहिलेली नव्हती. आण्णांनी तीही वाचली: 'सबब, सदर लिपिकाचे पद येत्या एक तारखेपासून रद्द करण्यात येत आहे.' 'रद्द'च्या आधी ते एक मात्रा थांबले, आणि मग शब्द त्यांनी बरोबर समेवर सोडला.

टाळ्या ओसरल्यावर नीलिमा नावाच्या एक वार्ताहर बाई उठल्या.

"बातमीत घ्यायचंय म्हणून विचारते. त्या लिपिकाचं पूर्ण नाव काय हो?"

आण्णांनी व्यवस्थापकांकडे पाहिले. व्यवस्थापकांनी आपल्याजवळच्या प्रतीची पाने उलटली. त्यांत 'वापरकर्ता क्रमांक एक' अशी नोंद होती. भगवानने तोंड उघडले, पण आवाज नव्हता. असता तरी तो 'आण्णा' एवढेच म्हणाला असता. आम्ही सातही जण छताच्या पंख्याकडे पाहू लागलो. (वाचकांनी मागे जाऊन शोधण्याचे कष्ट घेऊ नयेत. ढोलकीवाल्याचे नाव दिले आहे, रखमाचे दिले आहे, भांडणाऱ्या भावांचीही दिली आहेत. हे दिलेले नाही. आणि इथवर हसत येताना आपल्यालाही ते विचारावेसे वाटलेले नाही.)

"सर, नाव?" बाईंनी पेन सरसावून पुन्हा आण्णांनाच विचारले.

आण्णांनी कागदांच्या कडा जुळवून ते मेजावर ठेवले, चष्मा खिशात घातला, व्यासपीठाच्या तीन पायऱ्या उतरले आणि दोन रांगांमधल्या वाटेने, कुणाकडेही न पाहता, दाराबाहेर निघून गेले.