प्रिंटरमधून निघालेला निकाल

जावयाने सासऱ्याच्या घरचा प्रिंटर वापरू नये, असं कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं. रविवारी सकाळी जावईबापूंनी आतल्या खोलीत बसून संगणकाचं एक बटण दाबलं, आणि कागद बाहेर आला तो थेट दिवाणखान्यात, सासरेबुवांच्या पुढ्यात. सासरेबुवा निवृत्त न्यायाधीश. समोर आलेला कागद वाचल्याशिवाय सोडायचा, हे त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

जावईबापू कायद्याच्या इतिहासात डॉक्टरेट करत होते. सात वर्षं झाली, करतच होते. विषय होता सासरेबुवांचे आजोबा. हे थोरले न्यायाधीश आपल्या काळात फार गाजले. त्यांची निकालपत्रं हरलेला पक्षसुद्धा मान डोलावून वाचायचा म्हणे. त्यातल्या काहींवर सही नव्हती. ती थोरल्यांची की त्यांच्या जोडीदार न्यायाधीशांची, हे ठरवायला जावईबापूंनी संगणकाला जुंपलं होतं. माणूस लिहिताना 'पण', 'तर', 'म्हणजे' असले बारके शब्द किती वेळा वापरतो, ते संगणक मोजतो. ही सवय म्हणजे माणसाची चाल, लपवू म्हटलं तरी लपत नाही.

या कामात तुलनेसाठी काही परके लेखकही लागतात. एक कमी पडत होता. म्हणून जावईबापूंनी घरच्या पेटीत सापडलेली, थोरल्यांच्या बायकोने बहिणीला लिहिलेली पत्रं त्यात ढकलून दिली. परकी म्हणून! स्वतःच्या लग्नाला आठ वर्षं झालेल्या माणसाने बायको ही निकालाशी संबंध नसलेली व्यक्ती धरावी, याला काय म्हणावं?

"जावईबापू!" दिवाणखान्यातून हाक आली. "'थोरल्यांची सही असलेली निकालपत्रं सदतीस. पैकी चौतिसांची लेखिका, आजी.' माझी आजी? हा काय प्रकार आहे?"

जावईबापू धावत बाहेर आले. थोरल्यांचे कागद सासरेबुवांच्या मालकीचे. ते वापरायची लेखी परवानगी उद्या दुपारपर्यंत विद्यापीठात पोचली नाही, तर प्रबंध बाद, आणि त्यावर टांगलेली नोकरीही गेली. सासरेबुवा आज जेवणानंतर सही करणार होते.

"बाबा, यंत्राची काहीतरी गफलत असेल," जावईबापू म्हणाले.

"साक्षीदार तुमचा आणि तो खोटं बोलतो, असंही तुम्हीच म्हणता?" सासरेबुवांनी खुर्ची सरळ केली. नऊ वर्षांनी कोर्ट भरलं होतं. "यंत्राची परीक्षा घेऊ. माझी निकालपत्रं घाला त्यात. ती मीच लिहिली, याला मी स्वतः साक्षीदार आहे. यंत्राने दुसरं काही सांगितलं, तर ते खोटारडं आणि तुमचा प्रबंधही खोटारडा. कबूल?"

"कबूल," जावईबापू म्हणाले. सासऱ्याला नाही म्हणायची त्यांची टाप नव्हती.

स्वयंपाकघरातून सासूबाई लगबगीने बाहेर आल्या. एरवी या वादांत त्या पडत नसत.

"अहो, कशाला उगाच? जेवून घ्या आधी."

"न्याय आधी, जेवण मग."

"पण तुलनेला दुसरं कुणाचं तरी लिखाण लागेल," जावईबापू चाचरत म्हणाले.

"आईची पत्रं आहेत की!" जावईबापूंची बायको उत्साहाने म्हणाली. "मी वसतिगृहात होते तेव्हाची. गठ्ठाच आहे माझ्याकडे."

"ती कशाला?" सासूबाई जवळजवळ ओरडल्याच. पण लेक कपाटापाशी पोचलीसुद्धा होती.

दोन तास सगळं घर कागदांचे फोटो काढत बसलं. जेवण गार झालं. शेवटी जावईबापूंनी बटण दाबलं, प्रिंटर कुरकुरला, आणि सासरेबुवांनी कागद ओढून घेऊन मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "एकूण निकालपत्रं एकतीस. पैकी सव्वीस..."

पुढचं त्यांनी मनात वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"अगं, हे काय आहे?"

"मला काय विचारता? तुम्ही सांगायचात, मी उतरवून घ्यायचे."

"तेच म्हणतोय मी! शब्द माझेच की."

"सुरुवातीचे तुमचेच. मग तुम्हाला डुलकी लागायची. निकाल काय अर्धा ठेवायचा?" सासूबाईंनी पदराने कपाळ टिपलं. "कोण जिंकलं, कोण हरलं, ते तुम्हीच ठरवायचात हो. त्याला मी कधी हात लावला नाही. कारणं तेवढी मी द्यायचे."

बायकोला हसू फुटलं. जावईबापूंना मात्र रडू यायचं बाकी होतं. यंत्र खरं ठरलं होतं, आणि त्यापायी सात वर्षांवर पाणी पडत होतं. सासरेबुवा उठले. "निकाल राखून ठेवला आहे," एवढंच म्हणाले आणि खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

अर्ध्या तासाने ते एक कागद घेऊन बाहेर आले. जावयाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. कागद सासूबाईंसमोर ठेवला. त्यावर एकच ओळ होती. 'घरातील कागदपत्रे वापरण्याची परवानगी नाकारण्यात येत आहे, कारण' आणि खाली पानभर कोरी जागा.

"सुचत नाहीये," ते खाली बघत म्हणाले. "तेवढं लिहून दे."

सासूबाईंनी पेन घेतलं. एकदा जावयाच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि मान खाली घालून त्या एका दमात लिहीत सुटल्या. कारण पहिलं, जे आजोबांनी लपवलं नाही ते नातवाने लपवणं शोभत नाही. आजीची पत्रं त्यांनी त्याच पेटीत जपून ठेवली होती. कारण दुसरं, पुराव्याची परीक्षा आपणच मागितली. तिसरं, हरलेल्या पक्षानेही मान डोलवावी, असा या घराचा लौकिक आहे. अशी सात कारणं झाली.

सासरेबुवांनी ती उभ्यानेच वाचली. तिसऱ्या कारणाला त्यांची मान नकळत डोलली. सातव्याला ते खुर्चीत बसले.

"कारणं बिनतोड आहेत," ते म्हणाले. "निकालच त्यांना जुळत नाही."

त्यांनी 'नाकारण्यात' हा शब्द खोडला, त्यावर 'देण्यात' असं लिहिलं, आणि कागद जावयाच्या हातात ठेवला. सही मात्र त्यांची स्वतःची होती.