दगडाबाईंचे तीन नकार

नजर घारीची, कान सशाचे, स्मरणशक्ती हत्तीची. नाकाबद्दल मुद्दाम सांगत नाही, ते समोर दिसतंच. असा मी हंबीरराव, आष्ट्याचा एकमेव खाजगी गुप्तहेर. जवानी फौजेत गेली. तिथं मी नेमकं काय करत होतो, हे देशाच्या सुरक्षेसाठी गुप्त ठेवलं आहे. आमच्या मनुबाई मात्र गिरणीत दळणाला बसलेल्या बायकांनाही सांगतात, की हे भांडारात ब्लँकेटं मोजायला होते.

निवृत्त झाल्यावर मी त्याच गिरणीच्या भिंतीवर पाटी रंगवून घेतली : 'हंबीरराव, गुप्तहेर. गुपितं उघड करून मिळतील.' गुप्तहेरानं पाटी लावायची असते का, असं मनुबाईंनी तेव्हा विचारलं होतं. त्या प्रश्नाचा तपास अजून चालू आहे. माझ्या नावावर यशही आहे. माजी सरपंचांची हरवलेली चप्पल मीच शोधून काढली. ती माझ्या पायात होती, ही बाब गौण.

भादव्यात एके सकाळी जोतीराम आला. वडूजकडच्या धनगरवाडीचा, घराण्यातला पहिलाच नोकरदार. सांगलीत कचेरीत कामाला, बायको माया तिथंच एका दवाखान्यात. दोघं भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. रोज जाऊन-येऊन नोकरी करता येईल अशा गावात स्वतःचं घर घ्यायचं, एवढंच त्यांचं मागणं. पण आई, दगडाबाई, वडलांमागं वाडीवर एकटी. उन्हाळ्यात ती विहिरीच्या पायरीवर घसरली आणि कुणी येईपर्यंत तशीच पडून राहिली. तेव्हापासून जोतीरामाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. मी घर बघून व्हय म्हटलं की ऱ्हायला येते, असं म्हातारीनं कबूल केलं होतं. आणि आता ती प्रत्येक घराला नाही म्हणत होती.

"का ते सांगती का?" मी विचारलं.

"न्हाई ना काका. म्हणती, तुमी ऱ्हावा, मी वाडीवरच बरी हाय." तो खाली बघत म्हणाला, "आई तितं एकटी आन मी हितं फरशीवर पंख्याखाली निजायचं? त्यापरीस घरच नको. उद्या आष्ट्यातलं घर दावणार हाय. मालक रविवारपतोर थांबतोय. माया म्हणली, हे बी न्हाई झालं तर म्होरं घरं बघाया मी येणार न्हाई."

मी पुरावे मागितले. माधवनगरच्या फ्लॅटमध्ये म्हातारीनं स्वयंपाकघराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खाली येऊन वॉचमनला विचारलं, ह्यो मोठा दरवाजा कवा बंद हुतो? तो म्हणाला, कायमच. म्हातारी म्हणाली, न्हाई. पलूसला घर बैठं होतं, देखणं होतं. तिथं ती आत गेलीच नाही. बोळात दोन्ही हात पसरून उभी राहिली, दोन्ही भिंतींना बोटं टेकली, आणि म्हणाली, न्हाई.

माझा मेंदू कामाला लागला. दरवाजाची चौकशी, म्हणजे अवेळी बाहेर पडायचा बेत. बोळाची मोजणी, म्हणजे काहीतरी रुंद वस्तू आत आणायची आहे. याचा अर्थ एकच : वाडीवर पुरलेला खजिना. सापडला की ट्रॅक्टरनं आणायचा.

"खजिना असता तर पोरगं भाड्यानं ऱ्हायलं असतं का?" मनुबाई आतून म्हणाल्या.

मग मी दुसरा सिद्धांत मांडला. म्हातारं माणूस बोळ मोजतं ते आपली तिरडी वळंल का ते बघायला. मनुबाईंनी चहाची कपबशी उचलून परत आत नेली. चहापुरता मी तो सिद्धांत मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे ते घर बघायला गेलो. मी आधीच पुढं जाऊन झाडामागून नजर ठेवली. झाड शेवग्याचं होतं आणि मी तसा नाही, त्यामुळे दगडाबाईंनी आल्या आल्या "कोण हाय ते?" म्हणून विचारलं. काटक बाई. गडद लुगडं, कपाळावर हिरवं गोंदण, हातात काठी. घर गावाच्या कडेला होतं. पुढून जुनी गाडीवाट रानात जात होती, समोर मोकळं माळरान. म्हातारी वाटेवर दूरवर चालत गेली आणि परत आली. तोंडावर हसू होतं. जोतीरामानं मायाचा हात धरला.

तेवढ्यात तिचं लक्ष कुंपणाकडे गेलं. मालकानं हौसेनं लावलेली कण्हेर, गुलाबी फुलांनी लगडलेली. म्हातारीनं एक फांदी मोडली, बोटाला लागलेला चीक बघितला, हात मातीला पुसला. हसू मावळलं.

"न्हाई," ती म्हणाली.

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी नवरा-बायकोला बाजूला घेतलं. "कण्हेर म्हणजे जहर. तुमच्या आईला विषाची भीती वाटती. आता सांगा, घरात सैपाक कोण करतं?"

जोतीराम नकळत मायाकडे बघायला लागला.

"काका," माया म्हणाली, "सकाळी दोघांचा डबा भरून मी धावत सुटती. मला इष घालायला येळ तरी हाय का?" बोलून तिनं तोंड फिरवलं. एखादा सिद्धांत मनात ठेवला तरी चालतो, हे मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आणि लय वाईट वाटलं.

मनुबाई म्हणाल्या, "चला, आदी घरला चला. च्या घ्या."

घरी मी जबानीची तयारी केली. खुर्ची उजेडाकडे तोंड करून ठेवली. दगडाबाई खुर्चीत न बसता जोत्यावर मनुबाईंशेजारी टेकल्या, आणि मनुबाईंनी बायकांची नेहमीची विचारपूस सुरू केली. "म्हायेर कुटलं आक्का तुमचं? भाऊ किती?"

मी डोळ्यांनी खुणावलं की तपासात असल्या गप्पा नकोत. मनुबाईंनी मला साखर आणायला पाठवलं.

"येकच भाऊ," बाहेरून दगडाबाईंचा आवाज आला. "कोंडीबा. मेंढरं हायती त्येची. दसरा झाला की खालच्या मुलखात निघतो. भाऊबीज वाटंवरच हुती. दोन दिस हिकडं तिकडं झालं तर चालतं, पर दारावरनं जातो, ववाळून घेतो आन म्होरं जातो. कळतंय तवापास्नं चुकला न्हाई. त्या माधवनगरात दरवाजा. त्या पलूसात बोळ, पाच मेंढरं दाटीनं जायची न्हाईत. मेंढरं वाऱ्यावर टाकून भाऊ यील कसा? हितं समदं ब्येस हाय. पर कण्हेरीला त्वांड लावलं की मेंढरू गेलंच."

मी साखरेचा डबा घेऊन दारातच उभा राहिलो.

"मग बोलायचं की आत्या," माया म्हणाली.

"पोरगं सायेब झालंय. तुज्या दारात लेंड्या पडल्या तर श्येजारणीत तुला खाली बघाया लागंल. म्हून म्हटलं, आपलीच वाडी बरी."

माया उठून तिच्या पायाशी जाऊन बसली. "लेंड्या मी झाडीन. तुमी या."

दगडाबाईंनी पदर तोंडाला लावला. मनुबाईंनी सगळ्यांना चहा दिला आणि माझ्याकडे वळल्या. "कोंडीबा म्हंजी आपलाच की. दरसाल आपल्या सोयाबीनच्या रानात त्येचीच मेंढरं बसत्यात खताला."

तोच. लाल पटक्याचा. गेल्या साली शेकोटीजवळ तो मला सांगत होता, भाचा सांगलीत सायेब झालाय, आता बहिणीला तिकडं न्हेणार म्हणतोय. मी त्या वेळी खताच्या बदल्यात ज्वारी किती द्यायची यावर हुज्जत घालत होतो.

रविवारी विसार दिला गेला. कण्हेर काढायचं काम एकमतानं माझ्याकडे आलं. हाताला फोड येईस्तोवर मी ती मुळासकट खणली. गिरणीच्या पाटीवर आता खाली आणखी एक ओळ आहे : 'कुंपणाची कण्हेर काढून मिळेल.' त्या कामाला गिऱ्हाईक येतं.

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले आणि कोंडीबा आला. गाडीवाट मेंढरांनी भरून गेली. दगडाबाईंनी दारातच पाट मांडला. कोंडीबा पाटावर बसला खरा, पण अर्धा डोळा मेंढरांवर होता, म्हणून तिनं त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि ओवाळलं. माया केरसुणी घेऊन तयारच होती.

जोतीराम कचेरीला निघाला होता. त्याची मोटरसायकल फाटकाबाहेर मेंढरांत अडकली. पुढं जाता येईना, मागं येता येईना, आणि हॉर्नला तर कुणी भीक घालत नव्हतं. सांगली जवळ पडते म्हणून हे घर घेतलेलं. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला.

"व्हय साहेब," जोतीराम म्हणाला, "आज उशीर होणार." त्यानं गाडी बंद केली आणि दाराकडे बघत राहिला. "मामा आलाय."