गाडी लेट हाय, रद्द नाय

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले साळवेकाका मुद्दाम वस्तू विसरतात. मुद्दाम म्हणजे ठरवून, जागा निवडून, आजूबाजूला कोण आहे ते नीट बघून. कधी छत्री किराणा दुकानात, कधी चष्म्याची केस रिक्षात, कधी मफलर बँकेच्या बाकावर. मग घरी येऊन, पंखा लावून, दाराकडं तोंड करून खुर्चीत बसतात.

मला हे कळलं ते अपघातानं. उस्मानपुऱ्यात औषधाच्या दुकानात काका माझ्या पुढं उभे होते. गोळ्या घेतल्या, छत्री काउंटरवर ठेवली आणि चालू लागले. मी बापडी छत्री घेऊन भर उन्हात त्यांच्या मागं धावले. वाटलं, म्हातारा चार आशीर्वाद देईल. तर काका माझ्यावरच खेकसले, "अगं मार्था, कुणी सांगितलं हुतं तुला? ठेव जा तिथंच!"

"काका, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"माझं हाय. लोकांचं हाय का, तेच बघतोय. जा, पळ. आन् कुणापाशी बोलू नको. लोकांना कळलं की चांगलं वागायचं नाटक करतात."

मी मुकाट्यानं छत्री परत काउंटरवर ठेवून आले. दुकानदारानं माझ्याकडं असं काही बघितलं की पुढं महिनाभर मी गोळ्या दुसऱ्या दुकानातून आणल्या.

काका एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी पैठणच्या गाडीवर गेली. फेरी संपली की सीटखाली वाकून बघायचं आणि कुणाचं काय राहिलंय ते डेपोत जमा करायचं, हा त्यांचा नेम. त्यातून त्यांचा एक सिद्धांत तयार झाला. "माणूस तिकीट काढताना वळखू येत नाय. शेजारच्याची पिशवी सीटवर राहिली की मग कळतो." त्यांच्या म्हणण्याप्रमाणं, नोकरीला लागले तेव्हा लोक अशी पिशवी काखोटीला मारून उतरायचे, आणि निवृत्तीच्या सुमाराला "ओ मास्तर, ही कुणाची?" म्हणून आणून द्यायला लागले होते. म्हणजे जग सुधारतंय. काकांना पुरावा मिळाला होता.

आता आमच्या चर्चचे पाळकसाहेब. माणूस देवासारखा, पण उपदेशाला उभे राहिले की जग रसातळाला नेल्याशिवाय खाली बसत नाहीत. युद्धं, महागाई, मोबाईल, तरुण पोरांचे केस, सगळी शेवटच्या काळाची चिन्हं. साहेब बोलायला लागले की काकांना खोकला सुरू होतो, आणि आशीर्वाद होऊन मंडळी बाहेर पडली की काका फाटकात साहेबांना गाठतात.

"साहेब, देवाचं राज्य येऊ दे म्हणून आपण रोज मागतो का नाय?"

"मागतो ना, काका."

"मग रोज मागायचं, आन् आलं का ते दारात जाऊन बघायचंबी नाय? ही कुठली रीत?"

"अहो, ते प्रभू येईल तेव्हा."

"पुरं यील ते तवा. पण थोडंथोडं आत्तापासनं येत असंल की! गाडी लेट हाय साहेब, रद्द नाय."

हे त्यांचं पेटंट वाक्य. आमच्याकडं नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे विचारू नका, सकाळी सकाळी माझं डोकं फिरतं. मी रिकामी बादली घेऊन जिन्यात करवादत असले की काका म्हणणार, "पूर्वी पाण्यावरनं डोकी फुटायची. आता नुसती ग्रुपवर भांडणं होतात. सुधारणा नाय तर काय हाय ही?" असा संताप येतो!

एकदा त्यांनी जेवणाचा डबा रिक्षात सोडला. वर पत्ता लिहिलेला होता. दुसऱ्या दिवशी ईद. संध्याकाळी तो रिक्षावाला नव्या कपड्यात दारात हजर. "चाचा, आपका डिब्बा. खाली कैसा देते, अम्मी बोली." आत काठोकाठ शीरखुर्मा! काका तो डबा दोन्ही हातांत धरून, सांडू न देता, थेट पाळकसाहेबांच्या घरी गेले. "साहेब, विसरलो हुतो, बघा कसा परत आला." साहेबांनी दोन वाट्या खाल्ल्या, मिशी पुसली आणि म्हणाले, "चव उत्तम आहे, पण जगाचं काही खरं नाही."

अर्थात सगळंच परत येत नाही. खुलताबादला चहाच्या टपरीवर ठेवलेली छत्री गेली ती गेलीच. मी चिडवलं, तर म्हणाले, "लांबचा माणूस हाय. सवडीनं यील."

हा उद्योग सुरू झाला सुलोचनाकाकू प्रभूकडे गेल्यानंतर. काकू होत्या तोवर बुधवारची प्रार्थना त्यांच्याकडंच असायची. जिन्यापर्यंत चपला, गाणी, आणि मग काकूंचा आल्याचा चहा. त्या गेल्यावर काकांना त्रास नको म्हणून मंडळीनं प्रार्थना दुसऱ्याकडं हलवली.

आणि मग व्हायचं ते झालं. काकांच्या विसरभोळेपणाची चर्चा मंडळीत पसरली, आणि पाळकसाहेबांनी काळजीपोटी पुण्याला रूबेनला फोन केला. रूबेन काकांचा एकुलता एक मुलगा. रोज रात्री नऊला वडलांना न चुकता फोन करतो, आमच्या बिल्डिंगमध्ये त्याचं केवढं कौतुक! तो शनिवारी गाडी घेऊन आला. सोमवारी पुण्यात मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतलेली, काकांसाठी खोली रिकामी केलेली, आणि इथला फ्लॅट भाड्यानं द्यायचं ठरवलेलं. पोरगा मायेनंच करत होता हो सगळं. पण काका माझ्या दारात आले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"मार्था, चल. साक्ष द्यायचीय. ह्यो मला येडा ठरवून घेऊन चाललाय."

मी गेले. रूबेन बॅग भरत होता. "बाबा, आज वार कोणता?" त्यानं हळूच विचारलं.

"शनिवार. उद्या साहेब पुन्हा जग बुडवणार." मग काका छाती पुढं काढून उभे राहिले आणि पैठण रोडचे थांबे घडाघडा म्हणाले. नक्षत्रवाडी, चितेगाव, बिडकीन, ढोरकीन, पैठण. मग पैठणपासून उलटे. वर हाफ तिकिटाचे जुने दर सांगायला लागले, तेव्हा रूबेननं हात जोडले.

मी सांगून टाकलं. काका मुद्दाम विसरतात, जग सुधारतंय का ते तपासतात, मी स्वतः बघितलंय. रूबेन माझ्याकडं असा बघायला लागला की आता मलाही डॉक्टरकडं नेतो की काय!

मग त्यानं कोपऱ्यातली छत्री उघडली. आत पांढऱ्या रंगानं ठळक लिहिलेलं होतं. "नाव आहे, पत्ता आहे, लिफ्ट बंद असते हेसुद्धा लिहिलंय. मग फोन नंबर का नाही? लोकांनी फोन केला असता, तुम्ही जाऊन घेऊन आला असता."

इतका वेळ तोंड चालवणारे काका पुढं आले. छत्री त्याच्या हातातून घेतली, मिटली, बटण लावलं.

"नंबर लिहिला की लोक फोन करतात रे," ते म्हणाले. "येत नाय कुणी."

रोज नऊला फोन करणारा पोरगा बॅगेतला शर्ट हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"तुझी आई हुती तवा दाराला कडी लावायला सवड नव्हती. आता बेल वाजली की लई बरं वाटतं. माणूस येतो, वस्तू देतो, चहा घेतो, दोन गोष्टी बोलतो. जग सुधारतंय का ते मी बघतोच, ते खोटं नाय. पण तेवढाच चहाबी होतो."

"बाबा, मला सांगायचं ना."

"काय सांगायचं? आन् तू आलासच की. तुझ्यावर तर मी पत्ताबी लिहिला नव्हता."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? रूबेननं तो शर्ट परत खुंटीला अडकवला. गॅलरीत जाऊन डॉक्टरला फोन केला आणि सोमवारी येत नाही म्हणून सांगितलं. मग ऑफिसला फोन करून चार दिवसांची रजा टाकली. आत गेला आणि आतून डब्यांचा खडखडाट सुरू झाला.

"बाबा, साखर कुठंय?"

"डावीकडं, वरच्या फळीवर. तुझ्या आईनं ठेवली हुती तिथंच हाय," काका खुर्चीतून ओरडले. "आन् तीन कप टाक रे, मार्थाबी हाय!"